आठ मिनिटांचा विसार

१

“कसला विसार?” घड्याळजींनी डोळ्याला लावलेलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. “मला कुणी दमडीही दिलेली नाही.”

आत्याने पिशवीतून नवंकोरं कीचेन काढलं होतं. तिचा हात तिथेच थांबला.

“काका, थट्टा करू नका. काल पंधरा हजार पाठवले की तुम्हाला! तुम्हीच तर मागितले.”

“मी? कधी?”

“मेसेज करून.”

“बाई, मला मेसेज करता येत असता तर मी बोटांनी एवढे बारीक स्क्रू कशाला फिरवत बसलो असतो?”

दाराशी उभी असलेली भाची दोन पावलं पुढे आली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती गेल्याच वर्षी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली होती. तिथे बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहिल्याशिवाय कुणी झाकणसुद्धा उघडत नाही. ही सवय आता घरातही शिरली होती. दुधाचं पातेलं किती वाजता उतरवलं तेही ती सांगू शकायची, आणि त्यावरून सगळे तिला चिडवायचे. आज सुट्टी होती, म्हणून आत्याने तिला गाडी ताब्यात घ्यायला सोबत आणलं होतं.

गाडी म्हणजे घड्याळजींची जुनी निळी व्हॅन. आत्या सोफे, खुर्च्या, गाद्या यांना नवं कापड चढवायचं काम करायची. एका नाट्यगृहाच्या दोनशे चाळीस खुर्च्यांचं काम तिला मिळालं होतं आणि पहिल्या वीस खुर्च्या उद्या सकाळी नऊला उचलायच्या होत्या. उद्या गाडी आली नाही तर काम दुसऱ्याला, हे तिथल्या व्यवस्थापकाने दोनदा बजावलं होतं. आत्याकडे होती स्कूटर. स्कूटरवर एका वेळी एक खुर्ची मावते, तीही रस्त्यातले लोक हसले तरी चालणार असेल तर.

व्हॅनची किंमत ठरली होती नव्वद हजार. पंधरा विसाराचे गेले होते, उरलेले पंचाहत्तर खात्यात तयार होते. त्यावर एक पैसा नव्हता.

“हे बघा,” घड्याळजी म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण हिशेब पक्का होता. “व्हॅन बघून गेलेले ते मफलरवाले गृहस्थ आज सहाला बायकोला घेऊन येणार आहेत. तुम्ही आधी आलात, म्हणून सहापर्यंत मी तुमच्यासाठी थांबतो. त्यानंतर नाही. विसार आलेला नाही, म्हणजे मी अजून कुणालाच बांधील नाही.”

भिंतीवरच्या मोठ्या लंबकाच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

“आत्या, तो मेसेज दाखव,” भाची म्हणाली.

मेसेज काल, मंगळवारी, संध्याकाळी साडेपाचला अनोळखी नंबरवरून आला होता.

‘नमस्कार. व्हॅनला दुसरं गिऱ्हाईक आलं आहे, रोख द्यायला तयार आहे. पण आधी तुमच्याशी बोलणं झालं म्हणून विचारतो. विसाराचे पंधरा हजार लगेच पाठवा, म्हणजे त्यांना नाही म्हणतो. माझं खातं सध्या बंद आहे, मुलीच्या खात्यावर टाका. फोन करू नका, मला ऐकू कमी येतं. खात्रीसाठी गाडीच्या पुस्तकाचा फोटो सोबत.’

“ऐकू कमी येतं ते खरं आहे,” घड्याळजी म्हणाले. “बाकी सगळं खोटं.”

भाचीने फोटो बोटांनी मोठा केला. गाडीचं नोंदणीपुस्तक उघडं होतं, त्याखाली हिरवं बनातीचं कापड, कापडावर चहाच्या कपाचा गोल डाग. तिने मान वळवून समोरच्या टेबलाकडे पाहिलं. हिरवी बनात आणि तोच डाग.

“आजोबा,” ती म्हणाली, “हा फोटो तुमच्या या टेबलावर काढलाय.”

२

“मुलीचं खातं म्हणे!” आत्याने पदर खोचला. “म्हणजे जावई! काल दुकानात कोण बसलं होतं?”

 दर मंगळवारी चार ते सहा घड्याळजी मानेच्या व्यायामाला जात आणि त्या वेळेत दुकानात जावई बसत.

“बोलवा त्याला,” ते एवढंच म्हणाले.

जावई दहा मिनिटांत आले. चौकातल्या तरणतलावावर ते मुलांना पोहायला शिकवत. केस ओले, गळ्यात शिट्टी, पायात स्लिपर.

“काय झालं? सासरेबुवा पडले का?”

“मी बसलोय समोर,” घड्याळजी म्हणाले.

आत्याने सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, “तुम्हाला ही व्हॅन हवी होती ना?”

“हवी होती म्हणजे? जीव जडलाय माझा तिच्यावर! पोरांना स्पर्धेला घेऊन जायला किती बरी पडली असती. पण सासरेबुवा म्हणाले, जावयाला गाडी दिली की पेट्रोलही द्यावं लागतं.”

“अनुभव आहे,” घड्याळजी पुटपुटले.

“म्हणजे सौदा मोडावा असं तुम्हाला वाटत होतं,” आत्या म्हणाली.

“वाटत होतं की. वाटायला काय लागतं? मला तर अजून ऑलिंपिकला जावंसं वाटतं.”

भाचीने मोबाईल पुढे केला. पैसे पाठवल्याची नोंद उघडी होती, खातेदार एक बाई होती. “हे तुमच्या मिसेसचं नाव आहे?”

जावयांनी वाचलं. “नाही. निदान आज सकाळी डबा देईपर्यंत तरी तिचं नाव वेगळंच होतं.”

“आत्या, पैसे पाठवताना नाव दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं गं,” आत्याचा आवाज पहिल्यांदाच पडला. “मुलगी म्हणजे हीच असेल असं धरून चालले. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हटल्यावर डोकं कुणाचं चालतं?”

“त्यासाठीच ते वाक्य लिहिलं असणार,” भाची म्हणाली.

“ते काही असो. चोर तो चोर आणि वर शिरजोर!” आत्या पुन्हा जावयांकडे वळली. “काल संध्याकाळी इथे तुम्ही एकटे, फोटो इथला, मेसेज काल संध्याकाळचा. दोन आणि दोन चार होतात की नाही?”

 जावयांनी उगाचच शिट्टी हातात धरली.

भाची मात्र त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती भिंतीकडे पाहत होती. लंबकाच्या घड्याळाशेजारी काचेच्या कुलुपबंद पेटीत एक छोटं गोल, पोपटी घड्याळ टिकटिकत होतं. मोठ्या घड्याळात तीन पन्नास झाले होते. पोपटी घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“आजोबा,” तिने विचारलं, “ते वीस मिनिटं पुढे का आहे?”

३

चोरीची चौकशी चालू असताना कुणीतरी घड्याळाबद्दल विचारावं, याचा घड्याळजींना एवढा आनंद झाला की ते खुर्चीतून उठले.

“त्याची ती खोड आहे, पोरी. दुरुस्तीला आलेलं घड्याळ मी लगेच उघडत नाही. आधी मोठ्या घड्याळाशी जुळवतो, पेटीत ठेवतो, कुलूप लावतो आणि आठवडाभर नुसतं बघतो. रोज संध्याकाळी पाचला किती फरक पडला ते लिहितो. काही घड्याळं एक दिवस शहाणी वागतात, दुसऱ्या दिवशी पिसाळतात. हे बिचारं प्रामाणिक आहे. रोज चार मिनिटं पुढे जातं, कमी नाही की जास्त नाही.”

“जुळवलं कधी?”

“शुक्रवारी संध्याकाळी पाचला.” त्यांनी पाठकोऱ्या कागदांची वही उघडली. “शनिवार चार, रविवार आठ, सोमवार बारा, काल मंगळवार सोळा. कालचं मी व्यायामाला गेल्यामुळे जावयांनी लिहिलंय.”

“बघा, कामाला येतो मी,” जावई म्हणाले.

“पेटीची किल्ली?”

घड्याळजींनी सदऱ्यातून गळ्यातला दोरा बाहेर काढला. किल्ली दोऱ्याला होती.

भाचीने फोटो पुन्हा मोठा केला. पुस्तकावरून बोट वर सरकवत ती कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे भिंतीचा तुकडा आला होता, आणि तुकड्यात दोन्ही घड्याळं. थोडी अंधुक, पण काटे दिसत होते.

“मोठ्यात किती वाजलेत?”

घड्याळजींनी भिंग लावलं. “पाच दहा.”

“पोपटी?”

“पाच अठरा.” आणि मग त्यांचा हात थांबला. “आठ मिनिटं!”

“काय आठ मिनिटं?” आत्याने विचारलं. “मला कळेल असं बोला की कुणीतरी.”

“आत्या, फोटो काल काढला असता तर दोन घड्याळांत सोळा मिनिटांचा फरक दिसला असता. परवा काढला असता तर बारा. दिसतोय आठ. म्हणजे फोटो रविवारचा आहे. पाठवला काल, काढला रविवारी.”

“पहाटे पाचचाही असेल,” आत्या म्हणाली.

“पहाटे पाचला दुकानात मी नसतो, उंदीरही नसतो,” घड्याळजी म्हणाले. “आणि टेबलावर ऊन पडलंय. या खिडकीतून ऊन संध्याकाळीच येतं.”

जावयांनी टाळी वाजवली. “रविवारी मी इथे नव्हतो! दिवसभर बाहेरगावी पोरांच्या स्पर्धेत होतो. पन्नास पालक साक्षीला आहेत, त्यातल्या चाळिसांशी माझं भांडणही झालं.”

“आणि मफलरवाले?” भाचीने विचारलं.

“ते शनिवारी एकदा आले आणि सोमवारी एकदा,” घड्याळजी म्हणाले. “रविवारी नाही. रविवारी कुणीच...” ते बोलता बोलता थांबले.

आत्याने हळूच खुर्ची ओढली आणि बसली.

“रविवारी पाचला,” ती म्हणाली, “या दुकानात आपणच होतो की गं.”

४

भाचीने पिशवीतून वही काढली. एरवी या वहीची टिंगल पहिली आत्याच करायची. आज तीच मान पुढे करून वाचायला लागली.

‘रविवार. ४:१० पोचलो. गॅरेजवाले भाऊ गाडीखाली. ४:४५ भाऊंची चक्कर, इंजिन ठीक. ४:५५ पुस्तकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवला. ५:०३ आत्या गाडी चालवायला. ५:२४ परत. सात किलोमीटर. ब्रेक किंचित उजवीकडे ओढतात.’

“पाच दहाला आपण गाडीत होतो,” भाची म्हणाली. “तू चालवत होतीस, आजोबा शेजारी, मी मागे.”

“आणि पुस्तक?”

“नंबर जुळवून झाल्यावर मी टेबलावर ठेवलं,” घड्याळजी म्हणाले. “उघडंच.”

“आणि भाऊ?”

आठवत सगळ्यांनाच होतं, पण बोलायचं कुणी? शेवटी भाचीच म्हणाली, “ते म्हणाले, ताई, तुम्ही जाऊन या, मी जरा हात धुतो.”

“नाही,” आत्या म्हणाली. “शक्यच नाही. सात वर्षं माझी स्कूटर त्याच्याकडे आहे. मी त्याला ताई म्हणू देते! गाडी बघायला मीच त्याला घेऊन आले, कुणी फसवू नये म्हणून!”

“अजून एक गोष्ट आहे. आजोबा, तुमच्याकडे आत्याचा मोबाईल नंबर आहे?”

“कुठून असणार? दोन्ही वेळा त्यांनीच दुकानाच्या फोनवर फोन केला.” त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे तबकडी फिरवायचा जुना, काळा फोन होता. समोरून कोण बोलतंय हे तो फोन सांगत नसे, आणि कधी कधी समोरच्यालाही सांगू देत नसे.

“मेसेज आत्याच्या मोबाईलवर आला. म्हणजे पाठवणाऱ्याकडे तिचा नंबर होता. दुकानातल्या कुणाकडेच तो नव्हता. मफलरवाल्यांकडेही नव्हता. विसार पंधरा हजार ठरला तेव्हा कोण कोण हजर होतं?”

“आपण तिघं,” आत्याने बोटं मोजली. चौथं बोट तिने बराच वेळ मिटूच दिलं नाही. मग पिशवी उचलली. “चला.”

“कुठे?” जावयांनी विचारलं.

“हात धुवायला.”

पावणेपाच वाजले होते. घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं. दोन गल्ल्या ओलांडून चौघांची वरात गॅरेजवर निघाली. पुढे आत्या, तिच्यामागे भाची, मग काठी टेकत घड्याळजी आणि शेवटी स्लिपर फटफटवत जावई.

५

गॅरेजवाले भाऊ एका मोटारसायकलची साखळी चढवत होते. गोल चेहरा, कानाला पेन्सिल, हसू तयार.

“ताई! झाली का गाडी ताब्यात?”

“नाही. विसाराचे पैसे भलत्याच खात्यात गेले.”

“अरेरे! तरी मी म्हणत होतो, ओळखीशिवाय सौदा करू नये. त्या जावयाची...” तेवढ्यात त्यांना जावई दिसले. “...तब्येत बरी दिसतेय.”

भाचीने फोटो समोर धरला, आणि रविवार, पाच दहा, आठ मिनिटं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आवाज न चढवता, प्रयोगशाळेत अहवाल वाचून दाखवावा तसं.

भाऊंनी हात फडक्याला पुसले. हात पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“घड्याळांचं काय घेऊन बसलात? जुन्या दुकानातली घड्याळं. होतात पुढेमागे!”

हे बोलणं मात्र घड्याळजींना अगदी स्वच्छ ऐकू आलं. “पुढेमागे? माझ्या दुकानात? बावन्न वर्षांत माझ्या दुकानातलं घड्याळ मला विचारल्याशिवाय एक मिनिट हललेलं नाही!”

“पण पुरावा काय, काका? मी पाठवला का मेसेज? नंबर माझा आहे का? खातं माझं आहे का?”

भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. भाचीला ते कळत होतं. फोटो कुणी काढला हे घड्याळांनी सांगितलं होतं, पण पैसे कुठे गेले ते घड्याळांना कुठून माहीत असणार? बँकेत तक्रार करता येईल, पोलिसांकडे जाता येईल. नाव निघेलच, पण चार दिवसांनी. आणि इथे सवापाच वाजत आले होते.

“खातं कुणाचं आहे ते आम्हाला तरी कुठे माहीत?” आत्या म्हणाली. तिने चष्मा लावला, मोबाईल लांब धरला आणि खातेदार बाईचं नाव आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं, खणखणीत वाचलं.

गॅरेजच्या आतल्या खोलीतून आवाज आला, “हो, आले!”

पाठोपाठ हातात बिलबुक घेतलेली एक बाई बाहेर आली. “कोणी हाक मारली?”

 जावयांच्या तोंडातून शिट्टीचा बारीक आवाज निघाला.

“ही माझी मेहुणी,” भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. “पंधरा दिवस झाले, बिलं लिहायला येते.”

“भावोजी, काय झालं? कालचे पंधरा हजार आले म्हणून मी सांगितलं होतं ना तुम्हाला? गिऱ्हाइकाचे म्हणालात ते?”

“गप गं,” भाऊ म्हणाले. पण आता गप्प बसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ते टायरच्या ढिगावर बसले. “ताई, रागावू नका. म्हणजे रागवा, पण ऐका. गाडी मी तपासली, माझ्या शब्दावर सौदा ठरला. आमच्या धंद्यात अशा सौद्याला दोन्हीकडून दलाली मिळते. रविवारी काकांकडे मागितली, तर म्हणाले, किल्ली फिरवायचे पैसे असतात, तोंड चालवायचे नाहीत.”

“म्हणालो होतो,” घड्याळजींनी कबूल केलं.

“मला राग आला. तुम्ही गाडी घेऊन गेलात आणि पुस्तक समोर उघडं पडलेलं. फोटो काढला. तेव्हा काही ठरवलं नव्हतं. काल ठरवलं. वाटलं, तुम्ही दोघं एकमेकांवर संशय घ्याल, माझ्याकडे कोण बघतंय!”

“सात वर्षं,” आत्या म्हणाली, “तू सांगशील तेवढे पैसे मी न मोजता दिले. तोंडाने मागितली असतीस तर दलालीही दिली असती रे, मूर्खा!”

तिने मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

“पैसे परत कर. आत्ता. पोलिसांकडे जायचं की नाही ते मी खुर्च्या पोचवून झाल्यावर ठरवीन. तोपर्यंत झोप येणार नाही तुला, तेवढी शिक्षा आजच्यासाठी पुरे.”

मेहुणीने भावोजींकडे एकदाच पाहिलं. त्यांची आजची भाकरी बहुधा त्याच क्षणी करपली. मग तिने मोबाईल काढला. पाच सत्तावीसला आत्याच्या खात्यात पंधरा हजार परत आले.

६

दुकानात परतल्यावर आत्या लगेच मोबाईल उघडायला लागली.

“थांब,” भाची म्हणाली. “कालच्यासारखंच करतेस.”

“आता काय? माणूस समोर बसलाय की!”

“माणूस समोर आहे, कागद कुठे आहे?”

घड्याळजी खूश झाले. त्यांनी खणातून कोरा कागद काढला आणि वर मधोमध लिहिलं, ‘विसारपावती’. पुढे भाची सांगत गेली आणि ते टपोऱ्या अक्षरात लिहीत गेले. गाडीचा नंबर, चासी नंबर. मालकाचं नाव पुस्तकात आहे तसंच. किंमत नव्वद, विसार पंधरा, बाकी पंचाहत्तर उद्या सकाळी आठला, गाडी आणि कागद हातात पडताच.

“आणि उद्या तुझ्या आत्याने विचार बदलला तर?” घड्याळजींनी विचारलं.

“तुमचा खोळंबा झाला म्हणून दोन हजार तुम्ही ठेवायचे, बाकी परत.”

“आणि मी बदलला तर?”

“सगळे परत, वर दोन हजार तुमच्याकडून.”

“फिट्टंफाट,” जावई म्हणाले. “आणि इंजिनच बिघडलं तर?”

“ताबा देईपर्यंत गाडी आजोबांची. बिघडली तर विसार पूर्ण परत. लिहा, आजोबा.”

पैसे या वेळी घड्याळजींच्या स्वतःच्या खात्यावर गेले. खातेदाराचं नाव पुस्तकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय, हे आत्याने दोनदा वाचून पाहिलं आणि तिसऱ्यांदा भाचीला वाचायला लावलं. आधी विसार देणाऱ्याची सही झाली, मग घेणाऱ्याची, मग साक्षीदार म्हणून जावयांची. जावयांच्या ओल्या केसांतून एक थेंब कागदावर पडला, तो त्यांनीच घाईने टिपला.

सहाला पाच कमी असताना मफलरवाले आले. त्यांच्या पत्नी आधीच व्हॅनपाशी पोचल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, सीटवर बसून पाहिलं, मागे किती जागा आहे ते पावलांनी मोजलं आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “हीच घ्यायची.”

मफलरवाले लगबगीने आत आले. “काका, नव्वद म्हणालात ना? मी पंच्याण्णव देतो. आणलेत, आत्ता मोजतो.”

 पाच हजार जास्त, तेही रोख. दोन हजार भुर्दंड देऊनसुद्धा घड्याळजींना तीन हजार सुटत होते. भाचीने ते मनात मोजलं, आणि घड्याळजींनीही मोजलं असणार हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

घड्याळजींनी पावती उचलली, शाई वाळली का ते बोटाने पाहिलं आणि घडी घालून ती आत्याच्या हातात दिली.

“विसार घेतलाय,” ते म्हणाले.

“कधी?”

“आत्ता. दहा मिनिटं झाली.”

“अहो, पण पाच हजार जास्त देतोय मी!”

“विसार घेतलाय,” घड्याळजी पुन्हा तेवढंच म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मफलरवाल्यांनी पत्नीकडे पाहिलं. त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या.

“शनिवारी काय सांगितलं होतं मी?” त्या म्हणाल्या. “आवडलीय ना, मग थोडा विसार देऊन या. तर म्हणे बघू! सोमवारीही बघू! आता बघा.”

दोघं रस्त्याच्या वळणापर्यंत भांडत गेले. आत्या पावती हातात धरून बाहेर आली आणि व्हॅनचं मागचं दार उघडून आत वाकली.

“मोज गं,” ती भाचीला म्हणाली. “एकावर एक रचल्या तर एका खेपेला किती खुर्च्या मावतील?”